माहीमचा बुधवारचा नोव्हेना: जायचं का, कसं जायचं आणि तिथे खरंच काय मिळतं

माहीमच्या नोव्हेनाबद्दल, म्हणजे मदर मेरीपुढे नऊ बुधवार करायच्या प्रार्थनेबद्दल, मला इतके जण विचारतात की म्हटलं एकदा सगळं नीट लिहूनच टाकू. विचारणारे दोन प्रकारचे असतात. एक आपलेच ख्रिस्ती लोक, त्यातही वसई-विरारकडचे, ज्यांच्या आईने किंवा आजीने नऊ बुधवार केलेले असतात पण ते स्वतः कधी गेलेले नसतात. आणि दुसरे ख्रिस्ती नसलेले, ज्यांना ऑफिसमधल्या कोणीतरी सांगितलेलं असतं की अगं एकदा माहीमला जाऊन ये, मदर ऐकते. मी वसईकडची कॅथलिक, लग्नानंतर मुंबईत आले, आमच्या सासूबाई बुधवार कधी चुकवत नसत, त्यांच्याबरोबर जायला लागले आणि मग माझं मी जायला लागले. प्रार्थनेला स्टार द्यायचे नसतात असं माझं मत आहे, त्यामुळे ते देणार नाही, पण कोणी जावं, काय अपेक्षा ठेवावी, आणि तिथे जाऊन माणसाची श्रद्धा खरंच वाढते का, यावर मला मनापासून बोलायचंय.

आधी जागा. सेंट मायकल चर्च, एल. जे. रोडवर, माहीम कॉजवे सुरू व्हायच्या आधी. मुंबईतल्या सगळ्यात जुन्या पोर्तुगीज चर्चपैकी एक, सुरुवात १५३४ सालची धरतात. आत्ता जी इमारत दिसते ती मात्र १९७३ ची, त्यामुळे जुनं कोरीवकाम वगैरे बघायच्या इच्छेने जात असाल तर ते इथे नाही, ते बघायचं तर जुन्या गोव्याला जा. इतिहास मात्र भरपूर आहे. १७३९ मध्ये चिमाजी अप्पांनी वसई घेतली त्या धामधुमीत बांद्र्याच्या माउंट मेरीची मरियामाता इथे आणून ठेवली होती आणि १७६१ पर्यंत ती इथेच होती असं सांगतात. आम्हा वसईकरांना वसईच्या लढाईची ही दुसरी बाजू फारशी कोणी सांगत नाही म्हणून मुद्दाम लिहिलं.

बुधवारचा नोव्हेना सुरू झाला १९४८ साली, ८ सप्टेंबरला, म्हणजे मरियेच्या जन्माच्या सणाला. तेव्हापासून दर बुधवारी सकाळी लवकर ते रात्रीपर्यंत एकामागून एक नोव्हेना चालू असतात, इंग्रजीत जास्त, पण मराठी, कोंकणी, हिंदी, तमिळमध्येही. फिलिपिन्समध्ये मनिलाजवळ बाक्लारान म्हणून ठिकाण आहे, तिथेही १९४८ मध्येच हाच बुधवारचा नोव्हेना सुरू झाला आणि तिथेही अशीच तोबा गर्दी असते. म्हणजे हे काही फक्त मुंबईचं नवल नाही.

आता ते चित्र. वेदीजवळ जे मरियेचं चित्र आहे, अवर लेडी ऑफ पर्पेच्युअल सकर म्हणतात तिला आणि हा नोव्हेना तिचाच, ते नुसतं नमस्कार करून पुढे जाण्यासारखं नाही, दोन मिनिटं उभं राहून बघा. मूळ चित्र रोममध्ये सेंट आल्फोन्ससच्या चर्चमध्ये आहे, फार मोठं नाही, लाकडावर रंगवलेलं, क्रीट बेटावरून आलं असं मानतात. पोप नववे पायस यांनी १८६६ मध्ये ते रिडेम्प्टरिस्ट संघाच्या फादरांकडे सोपवलं आणि त्यांनी ते जगभर नेलं. चित्रात दोन्ही बाजूंना दोन देवदूत आहेत, एक मायकल आणि एक गॅब्रिएल, आणि त्यांच्या हातात फुलं नाहीत, येशूला ज्या वस्तूंनी मारलं ती हत्यारं आहेत. मायकलकडे भाला आणि स्पंज, गॅब्रिएलकडे क्रूस आणि खिळे. बाळ येशू ते बघून घाबरलाय, दोन्ही हातांनी आईचा हात घट्ट धरलाय, आणि आईकडे येताना इतकी घाई झालीय की एका पायातली चप्पल सुटून लोंबतेय. आणि आई बाळाकडे बघत नाही, ती आपल्याकडे बघते. मला वाटतं अख्ख्या नोव्हेनाचा अर्थ त्या चपलेत आहे. घाबरलेलं पोर आईकडे जसं आहे तसं धावतं, आधी चप्पल नीट घालून मग येत नाही. लोक बुधवारी तसेच येतात, ऑफिसची बॅग खांद्यावर, घामाघूम, कोणी हॉस्पिटलमधून थेट.

कार्यक्रम कसा असतो ते सांगते, म्हणजे पहिल्यांदा जाणाऱ्याला गोंधळल्यासारखं होणार नाही. गीत, मग सगळ्यांनी मिळून नोव्हेनाची प्रार्थना, मग लोकांनी लिहून दिलेल्या विनंत्या आणि आभाराची पत्रं, छोटं प्रवचन, आजाऱ्यांसाठी प्रार्थना आणि आशीर्वाद. काही वेळांना त्याला जोडून मिस्सा, म्हणजे आमची मुख्य उपासना, असते. सगळं पटपट होतं कारण पुढचे लोक बाहेर उभे असतात. ज्यांना निवांत बसायचंय, डोळे मिटून अर्धा तास गप्प राहायचंय, त्यांना हे मानवणार नाही हे आधीच सांगते. शांतता हवी असेल तर दुसऱ्या कुठल्या दिवशी दुपारी जा. बुधवार हा गर्दीत उभं राहून, शेजारच्याचा कोपर लागत असताना प्रार्थना करायचा दिवस आहे, आणि मला तेच आवडतं.

पण माझ्या मते सगळ्यात मोठी गोष्ट म्हणजे ती पत्रं. लोक कागदावर लिहून टाकतात आणि त्यातली काही वाचली जातात. विनंत्या काय असतात ते सांगायची गरज नाही, तुमच्या-माझ्या घरात जे असतं तेच. नोकरी, मूल होत नाही, नवऱ्याची दारू, मुलाचा बारावीचा निकाल, व्हिसा, बिल्डिंग रीडेव्हलपमेंटला गेलीय आणि भाडं बंद झालंय, आईची केमो चालू आहे. पहिल्या पहिल्यांदा मी या वेळी माझी स्वतःची विनंती मनात घोकत असायचे, दुसऱ्यांचं काय वाचतायत याकडे लक्ष नसायचं. कधी बदललं माहीत नाही, पण हळूहळू लक्षात आलं की मी कोणा अनोळखी बाईच्या केमोसाठी खरंच मनापासून आमेन म्हणतेय, तिचं नाव माहीत नाही, चेहरा माहीत नाही, ती कदाचित माझ्या पुढच्याच बाकावर बसलेली असेल. आणि माझी विनंती मात्र त्या दिवशी सांगायचीच राहून गेली. श्रद्धा वाढते म्हणतात ना, ती मला तरी अशी वाढताना दिसली, प्रवचन ऐकून नाही, शेजारच्याच्या दुःखासाठी तोंड उघडून.

आणि मग आभाराची पत्रं. ही खरी साक्ष. आमच्याकडे साक्ष म्हटलं की लोकांना वाटतं कोणीतरी स्टेजवर माइक घेऊन उभा आहे आणि मोठ्या आवाजात सांगतोय की मी आधी कसा होतो आणि आता कसा झालो. तसंही असतं, त्याला माझी ना नाही. पण माहीमची साक्ष चार ओळींची असते, बहुतेक वेळा खाली नावसुद्धा नसतं, एक आई, एक भक्त, इतकंच. कोणाला फुशारकी मारायची सोयच नाही त्यात. लूकच्या शुभवर्तमानात दहा कुष्ठरोग्यांची गोष्ट आहे, दहाही बरे झाले आणि आभार मानायला परत आला एकच, आणि तोही शोमरोनी, म्हणजे त्या काळच्या यहुदी लोकांच्या दृष्टीने परका. येशूने विचारलं बाकीचे नऊ कुठे आहेत? आभाराचं पत्र लिहायला परत माहीमपर्यंत येणारा माणूस म्हणजे तो दहावा. काम झाल्यावर पुन्हा गर्दीच्या लोकलमधून येऊन कागदावर चार ओळी लिहिणं सोपं नाही, काम झाल्यावर आपण विसरतो, मी पण विसरते. म्हणून ती पत्रं ऐकताना अंगावर काटा येतो. आणि ती ऐकून ज्याचं काम अजून झालेलं नाही तो अजून एक बुधवार टिकून राहतो. एकाच्या आभाराने दुसऱ्याची आशा टिकते, साक्ष याहून वेगळी काय असते?

हे नऊ बुधवार कुठून आले ते बऱ्याच ख्रिस्ती लोकांनासुद्धा नीट माहीत नसतं म्हणून थोडं लिहिते. बायबलमधला प्रेषितांच्या कृत्यांचा पहिला अध्याय काढा. येशू स्वर्गात जाण्याआधी शिष्यांना म्हणतो की पवित्र आत्मा तुमच्यावर येईल तेव्हा तुम्हाला सामर्थ्य मिळेल आणि तुम्ही माझे साक्षी व्हाल, यरुशलेमपासून पृथ्वीच्या टोकापर्यंत. हे आठवं वचन. आता एवढं मोठं काम सांगितल्यावर माणूस काय करेल, लगेच सामान बांधून निघेल ना? पण ते लोक काय करतात, तर माडीवरच्या खोलीत जाऊन बसतात. चौदाव्या वचनात आहे, ते सगळे एकचित्ताने प्रार्थनेत होते, बायका होत्या, येशूची आई मरिया होती, त्याचे भाऊ होते. स्वर्गारोहण पुनरुत्थानानंतर चाळिसाव्या दिवशी आणि पेंटेकॉस्ट, म्हणजे पवित्र आत्मा उतरला तो दिवस, पन्नासाव्या दिवशी, मधले दिवस नऊ. त्या नऊ दिवसांनंतर जे घडलं ते दुसऱ्या अध्यायात आहे, तोच शिष्य पेत्र जो एका दासीसमोर येशूला ओळखत नाही म्हणाला होता तो भर चौकात उभा राहून बोलायला लागला. म्हणजे क्रम बघा. आधी साक्षीचं बोलावणं, मग प्रार्थना, मग तोंड उघडणं. मधली पायरी गाळून जे साक्ष द्यायला निघतात त्यांचं बोलणं कोरडं होतं, हे मी आमच्याच लोकांमध्ये पाहिलंय, वचनं पाठ असतात पण ऐकणाऱ्याबद्दल जिव्हाळा नसतो. आणि उलटंही खरं आहे, जे माडीवरून खाली उतरतच नाहीत, नुसते नऊ बुधवार, मग परत नऊ बुधवार, आणि घरात सुनेशी अबोला तसाच, त्यांचाही नोव्हेना अर्धाच राहिला असं मी म्हणेन.

आता ख्रिस्ती नसलेल्या लोकांबद्दल. बुधवारी माहीमला गेलात तर तुम्हाला टिकली लावलेल्या, मंगळसूत्र घातलेल्या बायका दिसतील, बुरखा घातलेल्या दिसतील, शीख दिसतील. मुंबईचा माणूस मंगळवारी सिद्धिविनायकाला जातो, माहीमलाच मखदूम अली माहिमींचा दर्गा आहे तिथे जातो आणि बुधवारी मदरकडे येतो, त्याला यात काही विचित्र वाटत नाही. माझी एक मैत्रीण आहे, अस्सल गणपतीवाली, तिच्या घरी दीड दिवसाचा असतो, ती माझ्यासोबत येते. तिने पहिल्यांदा येताना जरा चाचरत विचारलं होतं की तिथे कोणी काही विचारणार नाही ना, धर्म बदला वगैरे म्हणणार नाही ना. आजकाल हा प्रश्न लोकांच्या मनात असतो, त्यात रागवण्यासारखं काही नाही. उत्तर सरळ आहे, मी इतकी जातेय, मला कोणी तिथे नाव विचारलेलं नाही आणि तिलाही विचारलं नाही. आत या, बसा, प्रार्थना करा, जा. पण मग ही ख्रिस्ती साक्ष कशी, असं आमच्यातलेच काही कडक लोक म्हणतात, की लोक येतात, मेणबत्ती लावतात, काम करून घेतात आणि जातात, येशू कोण हे त्यांना कळतच नाही. मला हे पटत नाही. पोप सहावे पॉल यांनी १९७५ च्या पत्रात लिहिलं होतं की आजचा माणूस शिकवणाऱ्यांपेक्षा साक्ष देणाऱ्यांचं जास्त ऐकतो, आणि शिकवणाऱ्यांचं ऐकलंच तर ते साक्ष देतात म्हणून. माझी मैत्रीण एकदा ट्रेनमध्ये म्हणाली, तुमच्याकडे लोक दुसऱ्यांसाठी मागतात हे मला फार आवडलं, मी पण आता देवासमोर बसते तेव्हा आमच्या कामवाल्या ताईंच्या मुलीचं नाव घेते. ती हिंदू आहे आणि हिंदूच राहणार आहे. पण येशूने जे शिकवलं त्यातलं काहीतरी तिच्या देवघरापर्यंत पोचलं आणि ते मी बोलून पोचलेलं नाही, माझ्या बोलण्याने पोचलंही नसतं.

यावरून नेहमी संत तेरेसा आठवते, लिझ्यूची, फ्रान्समधली. पंधराव्या वर्षी मठात गेली, मग बाहेर पडलीच नाही, चोविसाव्या वर्षी क्षयाने गेली, १८९७ साली. आणि १९२७ मध्ये चर्चने तिला मिशन कार्याची आश्रयदाती केलं, कोणाच्या जोडीने, तर संत फ्रान्सिस झेवियरच्या. म्हणजे एक जण समुद्र ओलांडून भारत, मलाक्का, जपान फिरून चीनच्या दारात मेला आणि त्याचं शरीर आज गोव्यात आहे, आणि दुसरी चार भिंतींच्या आत मिशनऱ्यांसाठी प्रार्थना करत बसली, आणि दोघांचा मान सारखा. ज्यांना वाटतं की आपल्याला बोलता येत नाही, आपण काय साक्ष देणार, त्यांनी तेरेसाकडे बघावं. आमच्या सासूबाई सातवी शिकलेल्या, कोणाला कधी एक वचन ऐकवलं नाही त्यांनी, पण चाळीतली बाई अडचणीत असली की आधी त्यांच्याकडे येऊन सांगायची, माझं बुधवारी मदरला सांगा.

आता जी गोष्ट लिहायला मला जड जातं ती. मागितलेलं मिळतंच का? नाही. माझ्या वडिलांच्या आजारपणात मी नऊ बुधवार केले, अगदी नेमाने, उपास वगैरे करून, आणि वडील गेले. त्यानंतर काही महिने मी माहीमला गेले नाही. राग होता. परत गेले ती सासूबाईंना एकटीने चढउतर जमत नव्हतं म्हणून, प्रार्थनेसाठी नाही. आणि तिथे परत ती पत्रं ऐकताना, कोणाचे तरी वडील बरे झाले म्हणून आभार, मला वाटलं होतं की मला जळजळ होईल, पण रडू आलं आणि मग बरं वाटलं, त्या माणसासाठी खरंच बरं वाटलं. त्यानंतर मी बायबलमधला गेथशेमाने बागेचा भाग पुन्हा पुन्हा वाचला, पकडलं जाण्याआधी येशूने स्वतः मागितलं होतं की हा प्याला टळू दे, आणि तो टळला नाही, आणि तरी तो म्हणाला माझ्या इच्छेप्रमाणे नको, तुझ्या इच्छेप्रमाणे. प्रेषित पौलाने तीनदा देवाला विनंती केली की माझ्या शरीरातला काटा काढ, आणि उत्तर आलं की माझी कृपा तुला पुरे आहे. हे मला लहानपणापासून माहीत होतं, धर्मशिक्षणाच्या वर्गात पाठ केलं होतं, पण ते माझं झालं ते तेव्हा. म्हणून नवीन जाणाऱ्याला मी कधीही सांगत नाही की नऊ बुधवार कर, काम होईल. मी सांगते की नऊ बुधवार कर, दहाव्या बुधवारी तुला काय मागावंसं वाटतं ते बघ. सुरुवातीला माणूस गोष्ट मागतो, मग दुसऱ्यासाठी मागतो, मग आभार मानतो, आणि कधीतरी नुसता येऊन बसतो. सगळ्यांचं याच क्रमाने होतं असं नाही, माझं मध्येच पुन्हा मागण्यावर येतं, अजूनही.

आणि एक गोष्ट स्पष्ट लिहायलाच हवी. नोव्हेना हा सौदा नाही. बाहेरच्या स्टॉलवर मेणाची घरं, मेणाचे हातपाय, बाळं मिळतात, घर हवं तर घर घ्या, गुडघा दुखतो तर पाय घ्या. ज्या म्हातारीला शब्द सापडत नाहीत ती मेणाच्या पायातून बोलते, आणि तिचं बोलणं देवाला कळतं यावर माझा पूर्ण विश्वास आहे, त्यामुळे या प्रथेला नावं ठेवणाऱ्यांत मी नाही. पण मोठं घर वाहिलं की मोठा फ्लॅट मिळतो असा हिशोब डोक्यात आला की प्रार्थना तिथेच संपली. तसेच ते व्हॉट्सअ‍ॅपवर फिरणारे मेसेज, ही प्रार्थना नऊ जणांना पाठवा नाहीतर वाईट बातमी येईल. कृपा करून पाठवू नका. भीती घालून केलेली प्रार्थना येशूने शिकवलेली नाही आणि चर्चनेही शिकवलेली नाही. दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेने, म्हणजे जगभरच्या कॅथलिक बिशपांच्या सभेने, १९६३ च्या उपासनेवरच्या दस्तऐवजात सांगून ठेवलंय की अशा सगळ्या लोकभक्ती लोकांना उपासनेकडे, म्हणजे मुख्य मिस्साकडे नेणाऱ्या असाव्यात. बुधवार धरला आणि रविवार सोडला असं करणारे पुष्कळ आहेत, त्यांना माझं प्रेमाने सांगणं आहे की रविवार आधी.

काही जण मत्तयच्या शुभवर्तमानाचा सहावा अध्याय दाखवतात, की येशूने तर सांगितलं खोलीत जा, दार लाव आणि गुप्तपणे प्रार्थना कर, मग हजारो लोकांत कशाला? पण तिथे राग आहे तो लोकांना दिसावं म्हणून चौकात उभं राहण्यावर. माहीमच्या गर्दीत तुम्ही कोणाला दिसतच नाही, ज्याला त्याला स्वतःचं पडलेलं असतं, आणि दार लावलेली खोली मुंबईत दहा बाय दहाच्या घरात सहा माणसं राहणाऱ्याला मिळणार कुठे. बऱ्याच बायकांसाठी बुधवारचा तो अर्धा तास हीच दार लावलेली खोली असते. २०२० च्या लॉकडाऊनमध्ये चर्च बंद होतं, नोव्हेंबरपर्यंत प्रार्थनास्थळं उघडली नाहीत, तेव्हा घरी मोबाईलवर नोव्हेना लावायचो आम्ही, आणि मागे टीव्ही, कुकरची शिटी, मुलाची ऑनलाइन शाळा. तेव्हा कळलं की नुसतं चर्चपर्यंत चालत जाणं ही पण प्रार्थनाच असते.

हा नोव्हेना इतका साध्या माणसाचा का झाला याचं कारण मला वाटतं ज्यांनी तो जगभर नेला त्या रिडेम्प्टरिस्ट संघात आहे. संत आल्फोन्सस लिगोरी हे नेपल्सचे, आधी वकील होते, आणि त्यांनी १७३२ मध्ये हा संघ काढला तो डोंगरातल्या शेळ्या राखणाऱ्यांसाठी, ज्यांच्याकडे कोणी पाद्री फिरकत नव्हता. प्रार्थना ही विद्वानांची गोष्ट नाही, ती कोणालाही जमते आणि सगळ्यांना हवीच, हे त्यांनी जन्मभर सांगितलं. म्हणून प्रार्थनेची भाषा सोपी, गाणी दोनदा ऐकली की पाठ होणारी, आणि कागदावर चार ओळी लिहिता आल्या की पुरे, त्या लिहिता येत नसतील तर दुसऱ्याकडून लिहून घ्या. ज्यांना खोल बायबल अभ्यास हवाय, ध्यान हवंय, त्यांनी इतरत्र जावं, तशा जागा आहेत आणि चांगल्या आहेत. पण माझ्या मते प्रार्थनेची सुरुवात करायला माहीमसारखी जागा नाही, कारण तिथे तुमची परीक्षा कोणी घेत नाही.

आता जाण्याच्या सूचना, यावरच जास्त मेसेज येतात. माहीम स्टेशनला पश्चिमेला उतरा, चालत जाता येतं, बांद्र्याहून बसने येण्यापेक्षा मला हे बरं वाटतं, रिक्षा तर बांद्र्याच्या पुढे येतच नाहीत. बुधवारी एल. जे. रोडवर ट्रॅफिक असतो, गाडी आणू नका. संध्याकाळी ऑफिस सुटल्यावर सगळ्यात जास्त गर्दी, म्हाताऱ्या माणसांना घेऊन जात असाल तर सकाळी किंवा दुपारी जा. चपला काढायच्या नाहीत, डोकं झाकायची सक्ती नाही, साधे पूर्ण कपडे घाला. मेणबत्त्या आत नेऊन लावू नका, त्यासाठी बाहेर जागा आहे. मिस्सा असेल आणि लोक कम्युनियनसाठी, म्हणजे पवित्र भाकर घ्यायला, रांगेत उभे राहिले तर ख्रिस्ती नसलेल्यांनी जागेवरच बसून राहावं, तो प्रसाद म्हणून वाटत नाहीत, आमच्यासाठी ते ख्रिस्ताचं शरीर आहे आणि त्यासाठी बाप्तिस्मा आणि तयारी लागते. माझी मैत्रीण पहिल्या वेळी उठतच होती, मी हात धरून बसवलं आणि नंतर समजावलं, तिला वाईट वाटलं नाही. सोबत कोणाला नेत असाल तर हे आधीच सांगा. सप्टेंबरमध्ये बांद्र्याची जत्रा असते त्या आठवड्यातला बुधवार आणि २७ जूनच्या आसपासचा, म्हणजे या मदरच्या सणाचा, हे दोन पहिल्यांदा जाणाऱ्याने टाळावेत. मराठी नोव्हेनाच्या वेळा बदलू शकतात, चर्चच्या बोर्डावर बघून घ्या किंवा ऑफिसमध्ये विचारा, आणि इंग्रजी येत असलं तरी एकदा मराठीला बसाच, आपल्या भाषेत मागताना मन लवकर उघडतं. आणि पत्र, विनंतीचं असो की आभाराचं, घरूनच लिहून न्या, पूर्ण नाव पत्ता न टाकता, कारण तिथे गर्दीत पाकिटावर कागद ठेवून उभ्याने लिहिताना जे सांगायचं असतं त्यातलं निम्मं राहून जातं.